वाचकांचे प्रश्न : पाड्यावर रक्ताचे नमुने मागताना

प्रश्न : पेठ तालुक्यातील पाड्यांवर आम्ही सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) अभ्यास सुरू केला आहे. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आहे, ग्रामसभेचा ठरावही आहे. तरी लोक रक्त द्यायला पुढे येत नाहीत. जनजागृती कशी करावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लोकांना समजत नाही, असे धरून चालू नका. आराखडा शहरात ठरला आणि पाड्याच्या वाट्याला फक्त रक्त देणे आले, तर नकार साहजिक आहे. नमुने घेणे थोडे थांबवा आणि आठ-दहा जणांचा सल्लागार गट करा. एकटे सरपंच, पोलीस पाटील पुरत नाहीत. निम्म्या बाया हव्यात, शिवाय आशाताई, भगत आणि सिकलसेल असलेल्या घरातले कुणीतरी. बैठकीच्या दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे द्या. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बैठक ठेवू नका. दिवाळीनंतर बरीच घरे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात, होळीला परततात; तेव्हा तो काळही टाळा.

प्रश्नावलीतला प्रश्न काढण्याचा अधिकार गटाला खरोखर असू द्या. फक्त असा बदल अमलात आणण्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी घ्यावी लागते.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे व्यक्तीची संमती नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. संमतीपत्र छापील मराठीत वाचून दाखवू नका. कोकणा ही इथली आदिवासी बोली बोलणाऱ्या माणसाला ते सांगू द्या आणि ‘आता तुम्ही मला सांगा, काय होणार आहे?’ असे विचारा. दोन मिली रक्त म्हणजे अर्धा चमचाही नाही, हे चमचा दाखवूनच सांगा. अंगठा असेल तिथे साक्षीदार तुमच्या चमूबाहेरचा हवा.

उरलेल्या रक्ताचे काय करणार, हा प्रश्न लोक हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. अमेरिकेत ॲरिझोनातील हावासुपाई आदिवासींनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिले होते. त्यावर स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आणि पूर्वजांच्या स्थलांतराचाही अभ्यास झाला. २०१० मध्ये अभ्यास करणाऱ्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले, नमुनेही परत केले. तेव्हा नमुना नष्ट करायचा की ठेवायचा, यासाठी संमतीपत्रात वेगळा रकाना ठेवा.

अहवाल ज्याचा त्याला, एकट्याला द्या. चारचौघांत ‘एएस’ (म्हणजे सिकलसेलची वाहक) वाचून दाखवले की वाहक मुलीचे लग्न अडू शकते. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे त्याच भेटीत समजवा.

प्रश्न : मुलांचे नमुने आश्रमशाळेतच घेतले तर? मुख्याध्यापक सही करायला तयार आहेत.

उत्तर : ती सही चालणार नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लसीच्या प्रकल्पात अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. त्यावर संसदीय समितीनेच ताशेरे ओढले. पालकांना गाठण्यासाठी सुट्टीत मुले घरी असतानाचे दिवस धरा. सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो. पालकांनी हो म्हटले आणि मूल नको म्हणाले, तर सुई बाजूला ठेवा.