सुरुवात कोकमतेलापासून कर

तू एकदम काढ्यांच्या मागे लागलीयस, पण माझं ऐक, आधी कोकमतेल करायला शीक. आमसुलं करताना उरलेल्या बिया टाकू नकोस, धुवून कडकडीत उन्हात वाळव, फोडून आतला गर बारीक वाट आणि भरपूर पाण्यात मंद आचेवर उकळत ठेव, हळूहळू तेल वर तरंगायला लागतं, ते पळीने अलगद काढायचं, गार होता होता मेणासारखं थिजतं तेव्हाच हातावर वळून गोळा करायचा. टाचांच्या भेगांना रात्री जरा पातळ करून लाव, मला तरी याच्यासारखं दुसरं काही सापडलं नाही.

पोटात घ्यायच्या औषधांची मात्र घाई नको गं. दिवाळीत सातविणीच्या, म्हणजे सप्तपर्णीच्या झाडाच्या सालीचा कडू रस घेतात म्हणून लोक रानातून साल काढून आणतात, पण त्याच रानात काजरा, म्हणजे कुचल्याचं झाडही असतं आणि त्यात स्ट्रिक्निन नावाचं जहाल विष असतं, जीव जातो माणसाचा! सातविणीची पानं झुपक्याने, बहुतेक सात, आणि साल खरवडली की पांढरा चीक येतो. काजऱ्याची पानं समोरासमोर जोडीने, चीक नाही, फळ पिकलं की नारिंगी. तरी नुसत्या सालीवरून कधी ठरवू नकोस, जाणत्या माणसाला झाडापाशी घेऊन जा.

खोकल्याला अडुळसा ठीक, पण गरोदर बाईला नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात नाही.

आणि पावसात शेतात राबून ताप आला, पिंडऱ्या दुखायला लागल्या तर काढा उकळत बसू नकोस, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित पाण्या-चिखलातून होणारा आजार) असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.