यातला मत्तय कोणता?

प्रश्न : गुरुजी, भाचीनं मोबाइलवर काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं ‘संत मत्तयाला बोलावणं’ हे चित्र दाखवलं. येशू हात करून बोलावतोय, टेबलाशी पाच जण आहेत. यातला मत्तय कोणता? अन् समोर खिडकी असून उजेड तिच्यातून का येत नाही?
– एक कास्तकार, ता. आर्णी

उत्तर : भाऊ, आधी उजेडाचं सांगतो. आमच्या घरी कापूस भरलेल्या खोलीचं एक कवेलू सरकलेलं होतं. दुपारी तिथून उन्हाचा तिरपा पट्टा उतरायचा. पट्ट्यात आलेला बाबांचा हात लख्ख दिसायचा, बाकी बाबा अंधारात. या चित्रात तसंच आहे. उजेड उजवीकडून, चौकटीबाहेरून येशूच्या डोक्यावरून येतो. समोरची खिडकी नुसती नावाला. १५९९-१६०० मधलं हे चित्र रोमच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये, एका छोट्या प्रार्थनाकक्षाच्या डाव्या भिंतीवर आहे. वेदीवरची खरी खिडकी चित्राच्या उजव्या अंगाला येते. पठ्ठ्यानं खरा अन् रंगवलेला उजेड एकाच बाजूनं आणला!

मत्तय म्हणजे पुढं येशूचा शिष्य झालेला; तेव्हा जकातदार, नाक्यावर बसलेला. पण कपडे सगळे चित्रकाराच्या काळातले, टोपीत पीस, कमरेला तलवार. आपल्या बाजार समितीत टेरिकॉटच्या शर्टवाल्यांपुढं येशू उभा करावा, तसं.

आता तुमचा मत्तय. दाढीवाला बोट दाखवतोय, ‘मला म्हणता?’ असं. काही अभ्यासक म्हणतात, बोट स्वतःकडे नाही, टोकाला मान घालून बसलेल्या पोराकडे आहे, मत्तय तोच. माझं मत दाढीवाल्याला. त्याच कक्षातल्या बाकी दोन चित्रांतही मत्तय दाढीवालाच आहे.

तरी माझी नजर जाते त्या पोराकडेच. लहानपणी बाबांसोबत कापसाचा चुकारा घ्यायला जायचो. दिवाणजी नोटा मोजत असला, की बाबांनी दोनदा हाक मारली तरी मान वर नाही. ओठ तेवढे हलायचे. हा पोरगा तसाच. बाजूचा म्हातारा तर चष्मा सावरून नाणीच न्याहाळतोय. दाराशी कोण आलं, दोघांनाही पत्ता नाही.

भाचीला चित्राचा खालचा भाग मोठा करायला सांगा. आलेले दोघं, येशू अन् त्याचा शिष्य पेत्र, अनवाणी आहेत.