पेढे वाटून झाले, आता काय?

सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचताना मी पेढ्यांपाशी थांबले. माहेर नगरच्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतलं, सासर पिंपरीचं पेन्टेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणारं. लग्नाला वर्ष झालं तरी तुला ‘अन्य भाषा’ (प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने तोंडून निघणारी, न शिकलेली भाषा) आली नाही, म्हणजे पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झाला नाही, ही सासूबाईंची काळजी. एका शुक्रवारी प्रार्थनासभेत चौघींनी डोक्यावर हात ठेवले, ‘हालेलुया भरभर म्हण, जीभ आपोआप वळेल’ म्हणाल्या. पाऊण तासाने गुडघे भरून आले आणि तू तोंडाला येईल ते बडबडलीस. सासूबाई आनंदाने रडल्या, बिल्डिंगभर पेढे वाटले. तेव्हापासून तुझी झोप उडाली आहे.

झोप उडाली हे बरंच झालं.

भाषा येणं हाच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा पहिला पुरावा, असं असेम्ब्लीज ऑफ गॉड या पेन्टेकॉस्टल पंथाने १९१६ साली आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात घातलं. म्हणजे हे सासूबाईंच्या मनचं नाही. पण बायबलात प्रेषित पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात विचारतो, सगळेच भाषा बोलतात का? उत्तर ‘नाही’ असंच अपेक्षित आहे. पुढे चौदाव्या अध्यायात तो म्हणतो, मंडळीत भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच बरे. बोलायचंच तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर आत्मा उतरला तेव्हा, यरुशलेमेत तर पार्थी, मेदी, एलामी अशा सगळ्यांना आपापल्या भाषेत कळलं होतं. तुझ्या बडबडीतलं कुणाला काय कळलं?

आता तुझ्या बाबांकडे वळते. ते या प्रकाराला ‘गोंधळ’ म्हणतात आणि प्रेषितांबरोबर आत्म्याची ही दानं संपली असं सांगतात. तसं मानणारे अभ्यासू लोक आहेत, पण त्याच अध्यायाच्या शेवटी पौल भाषा बोलायला मनाई करू नका म्हणतो, ते वाक्य बाबांनी गिळलं. (आणि गोंधळालाही आपल्याकडे संबळ, दिवटी, रीत असते हो.)

दोन्ही घरांना मान्य होईल अशी एक बाई आहे, पंडिता रमाबाई. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जागृती झाली, मुली रडत, एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. पेन्टेकॉस्टल चळवळ जिथून जगभर पसरली म्हणतात, त्या लॉस एंजेलिसच्या आझुसा रस्त्यावरच्या सभा त्यानंतरच्या, १९०६ च्या. पुढे मुक्तीतल्या काही मुली अन्य भाषांतही बोलल्या. रमाबाईंनी त्यांना अडवलं नाही, पण भाषा हीच आत्म्याची एकमेव खूण असा हट्टही धरला नाही. स्वतः त्या मात्र अखेरपर्यंत बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणत बसल्या होत्या. सासूबाईंशी बोलायला सुरुवात इथून कर.

आधी नवऱ्याला सांग, याच आठवड्यात. मग सासूबाईंना, दुपारी घरात दोघीच असताना. सभेत अजिबात नाही. ‘आई, त्या दिवशी मी तुमच्या मनासाठी केलं, ते खरं नव्हतं’, एवढंच. त्या रागावतील, कदाचित चार दिवस बोलणार नाहीत. तेव्हा पौल काढू नकोस, चहा कर.

शुक्रवारी जाणं मात्र सोडू नकोस. प्रार्थनेचा तुझा नंबर आला की मराठीत प्रार्थना कर, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. हात ठेवायला कुणी उठलंच तर खुर्ची माग.

तुझी,
ताई