बाबांच्या वह्या

प्रश्न : माझे वडील रसायनशास्त्रज्ञ होते आणि कीटकनाशकांसाठी त्यांनी सेंद्रिय फॉस्फरस संयुगांवर आयुष्यभर काम केले. त्यांच्या पश्चात एका परिचिताने त्यांच्या वह्यांची छायाचित्रे अनोळखी खरेदीदाराला विकल्याचे मला कळले आहे. मीही याच विषयात संशोधन करते. तक्रार केल्यास बाबांचे नाव डागाळेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : १९३६ साली जर्मनीत रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ट श्राडर कीटकनाशक शोधत असताना त्यांच्या हाती टाबून हे जहाल विष लागले, कारण कीड आणि माणूस या दोघांच्याही मज्जासंस्थेतील एकच विकर (एन्झाइम) ही सेंद्रिय फॉस्फरस संयुगे निकामी करतात. ही दुसरी धार विषयातच आहे, ती तुमच्या वडिलांनी लावलेली नाही. पहिल्या महायुद्धातील विषारी वायूंचे प्रवर्तक फ्रिट्झ हाबर यांचे पुत्र लुट्झ यांनी १९८६ साली त्याच वायुयुद्धाचा सविस्तर इतिहास प्रसिद्ध केला. वडिलांचे नाव त्यांनी त्यातून वगळले नाही.

रासायनिक शस्त्रबंदी करारासाठी आपल्याकडे २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे. त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या दिल्लीतील राष्ट्रीय प्राधिकरणाला आणि मुंबई पोलिसांना लेखी कळवा. परिचिताला स्वतः जाब विचारायला जाऊ नका, तो सावध होईल. वह्या जाळण्याचा मोह होईल, पण तो पुरावा आहे, कुलूपबंद ठेवा. (त्यांतील तपशील तुम्ही आम्हाला कळवला नाहीत, हे योग्यच केलेत.) संस्थेतील वरिष्ठांना मात्र आजच सांगा.