शेतात सापडलेली फटवाली पितळी गोळी: अहो, हे तर घुंगरू!

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातल्या एका नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना वीतभर खोलीवर लिंबाएवढी हिरवट गोळी सापडली. वर चौकोनी कडी, वरच्या अर्ध्या भागावर दोन भोकं, खाली लांब फट आणि फटीच्या दोन्ही टोकांना एकेक गोल छिद्र. खालच्या अंगाला पाकळ्यांसारखी नक्षी, त्यात ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ ही दोन अक्षरं. आत काहीतरी आहे, पण ते फटीतून बाहेर येत नाही. ही रोमन काळातली अत्तरदाणी असेल का, की जुना हातबॉम्ब, आणि विकली तर किती येतील?

रोमन नाही, अत्तरदाणी नाही, बॉम्बही नाही. हे घुंगरू आहे. आपल्याकडे बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळेत जे असतं तेच, फक्त आकाराने दांडगं आणि इंग्रज घोड्याचं. इथले लोक त्याला क्रोटल बेल म्हणतात. मी स्विंडनला राहतो, सात-आठ वर्षं रविवारी डिटेक्टर घेऊन शेतं तुडवतो, आणि या भागात बटणं आणि झिजलेली नाणी सोडली तर सगळ्यात ओळखीची सापडणारी वस्तू हीच. पहिल्यांदा सापडलं तेव्हा माझ्याबरोबरचे गोरे काका मला समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, आमच्या आजोबांच्या गोठ्यात खुंटीला पन्नास लटकलेली असायची.

आत अडकलेली वस्तू म्हणजे लोखंडी गोळी. ती आत गेली कशी हे कोडं तुम्हाला पडलंय, त्याचं उत्तर गमतीचं आहे. ती आत घातलेलीच नाही, तिच्याभोवती घुंगरू ओतलंय. चिकणमातीचा गोल गाभा करायचा, त्याच्या पोटात लोखंडी गोळी ठेवायची, बाहेरून साचा बसवायचा आणि मधल्या जागेत वितळलेला धातू ओतायचा. निवल्यावर फटीतून आणि भोकांतून माती उकरून काढली की गोळी मोकळी होते. फट तिच्यापेक्षा अरुंद, त्यामुळे जन्मभर आतच. सध्या वाजत नसेल तर मातीचा गोळा घट्ट बसलाय, इतकंच.

आता काळ. मध्ययुगातली इंग्लिश घुंगरं पातळ पत्र्याच्या दोन वाट्या एकमेकींना जोडून केलेली असतात, कंबरेला जोडाची कड दिसते आणि वरची कडी म्हणजे दुमडलेली पट्टी असते. तुमचं कडीसकट एकसंध ओतीव आहे, जाड आहे, म्हणजे ते नंतरच्या काळातलं. पण खरा पुरावा ती दोन अक्षरं. आर-डब्ल्यू म्हणजे रॉबर्ट वेल्स, ऑल्डबोर्न गावचा घंटा ओतणारा. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्याचा कारखाना जोरात होता. चर्चच्या घंटाही तिथेच ओतल्या जात आणि घोड्यामेंढ्यांची घुंगरंही. बाप आणि मुलगा दोघांचंही नाव रॉबर्ट, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून नेमकं वर्ष काढता येत नाही. पुढे १८२५ मध्ये धंदा बुडाला आणि लंडनच्या व्हाइटचॅपल कारखान्याने तो घेतला. हा तोच व्हाइटचॅपल, ज्याने १८५८ मध्ये बिग बेन ओतली आणि जो २०१७ मध्ये बंद पडला.

ऑल्डबोर्न स्विंडनहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. म्हणजे तुमचं घुंगरू जिथे ओतलं त्याच परगण्यात हरवलं. हेच जर ‘ई-एस’ अक्षरांचं असतं तर यॉर्कच्या सेलर घराण्याकडे बोट दाखवलं असतं. घंटा ओतणाऱ्यांना स्वतःची खूण ठेवायची भारी हौस, हे आपल्यालाही नवीन नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर ज्या पोर्तुगीज घंटा देशावरच्या देवळांत आल्या, त्यांच्यावरचे क्रूस आणि आकडे आजही वाचता येतात.

घोड्याला घुंगरू कशाला, हे इथल्या जुन्या गल्ल्या पाहिल्या की कळतं. दोन्ही बाजूंना डोक्याएवढं कुंपण, मधला रस्ता खोलगट आणि एका गाडीपुरता. समोरून दुसरी गाडी आली तर चार घोड्यांची लादलेली गाडी मागे घेणार कोण? म्हणून आवाज आधी पोचायला हवा, म्हणजे समोरचा रुंद जागा बघून थांबतो. रात्री आणि धुक्यात तर हवाच. आमचे आजोबा घाटातून रात्रीची गाडी हाकताना घुंगुरमाळा काढू द्यायचे नाहीत, त्यामागचं कारणही हेच. शिवाय गाडीवान डुलकी घेत असला तरी जनावरं चालतायत हे त्या आवाजावर कळायचं. चिखलात रुतलेली गाडी दुसऱ्याने ओढून काढली तर त्याला आपली घुंगरं द्यायची रीत होती असंही इथले म्हातारे सांगतात. खरं असो वा नसो, गोष्ट मला आवडते.

शेतात पडण्याचं कारण मात्र साधं. चामड्याचा पट्टा कुजतो, घुंगरू गळतं. ते कधी नांगरताना तासात पडतं, कधी तबेल्यात पडून शेणखताबरोबर गाडीतून शेतावर येतं. म्हणून ज्या शेतात ते सापडलं तिथे काही ‘पुरलेलं’ असेल या आशेवर खड्डे खणू नका.

किंमत? साधारण दहा-वीस पौंड. अखंड, वाजणारं आणि नक्षी स्वच्छ असेल तर थोडे जास्त. तुमची नोकरी सोडू नका.

कायद्याचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर अॅक्ट लागू आहे. त्यात मुख्यतः ३०० वर्षांहून जुन्या आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेल्या वस्तू येतात, आणि तसं काही सापडलं तर १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा सापडलेल्या धनाची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवावं लागतं. २०२३ पासून २०० वर्षांहून जुनी, विशेष महत्त्वाची कुठलीही धातूची वस्तू त्यात घेतली गेली, पण असं नेहमी सापडणारं घुंगरू त्यात बसत नाही. तरी तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याला, एकदा दाखवा. ही नोंदणीची योजना १९९७ पासून चालते आणि दाखवायला पैसे पडत नाहीत. ते प्रामुख्याने १७०० च्या आधीच्या वस्तू नोंदवतात, त्यामुळे तुमच्या घुंगराची नोंद होईलच असं नाही. पण त्याच शेतात उद्या काही खरंच जुनं निघालं तर ओळख उपयोगी पडेल. सापडलेली जागा नकाशावर आत्ताच टिपून ठेवा, महिन्याभराने ‘त्या ओकच्या झाडाजवळ’ एवढंच आठवतं. शेतकऱ्याची परवानगी घेतली होती असं धरून चालतो. नसेल तर आधी त्याच्याकडे जा, घुंगरू घेऊनच.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की दिवाळीत डिटेक्टर गावी नेऊन किल्ल्यावर फिरवणार. कृपा करून नेऊ नका. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. आणि किल्ला सोडून स्वतःच्या वावरात जरी दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, तरी १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. हो, दहा रुपये. कायदा जुना आहे, पण आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: घासू नका. माझं पहिलं घुंगरू मी चिंच आणि मीठ लावून देवघरातल्या समईसारखं चकचकीत केलं. नंतर लक्षात आलं की हिरव्या थराबरोबर अक्षरंही अर्धी गेली. ‘आर’चा नुसता पाय उरलाय. तुम्ही साध्या पाण्याचे थेंब टाकून माती भिजवा, बांबूच्या टूथपिकने हळूहळू फटीतून काढा, स्क्रूड्रायव्हर अजिबात घालू नका, आणि लगेच नीट वाळवा, कारण आतली गोळी लोखंडाची आहे, ओली राहिली तर गंजते. घाई करू नका, मला एका घुंगराला चार संध्याकाळ लागल्या.

माती निघाली की फटीजवळ अक्षरांच्या मध्ये एखादा आकडा दिसतो का ते बघा. वेल्सच्या घुंगरांवर कधीकधी मापाचा आकडा असतो. दिसला तर इथे उत्तराखाली लिहा. आणि वाजलं तर तेही लिहा. माझं अजून वाजत नाही, गोळी गंजून तळाशी चिकटून बसलीय.