समलिंगी पालकांची मुलं: निष्कर्ष नंतर वाचा, आधी तुलना कुणाशी केलीय ते बघा

तुम्ही लिहिलंय की प्रबंधासाठी वाचायला घेतलं तर बहुतेक पेपर म्हणतात दोन आया किंवा दोन बाबा असल्याने मुलांचं काही बिघडत नाही, आणि मग एक मोठा पेपर येतो तो म्हणतो खूप बिघडतं, आता धरायचं कुणाचं. माझं सांगणं, निष्कर्षाचं पान तूर्त सोडा, आधी ‘समलिंगी पालकांची मुलं’ या गटात कुठली मुलं घातलीत ते शोधा.

तो मोठा पेपर म्हणजे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क रेग्नेरस यांचा, २०१२ चा. १८ ते ३९ वयाच्या जवळपास ३००० अमेरिकन लोकांना प्रश्न विचारले, सॅम्पल तसं भक्कम. पण आई किंवा वडिलांचे कधीतरी, थोडे दिवस का होईना, समलिंगी संबंध आले असतील तर तो माणूस थेट त्या गटात. म्हणजे समजा आईवडिलांचा घटस्फोट झाला, नंतर आई काही महिने एका बाईबरोबर होती आणि मूल तेव्हा आजीकडे वाढत होतं, तरी ते मूल यातच मोजलं जाणार. आणि तुलना कुणाशी? तर ज्यांचे सख्खे आईवडील शेवटपर्यंत एकत्र राहिले त्यांच्याशी. अहो मग घर मोडल्याचा परिणाम कुठला आणि पालक समलिंगी असल्याचा कुठला हे कळणार कसं! २०१५ मध्ये चेंग आणि पॉवेल या संशोधकांनी तोच डेटा परत तपासला, चुकीच्या गटात गेलेली माणसं बाजूला काढली, तर बहुतेक फरक विरून गेले.

हाच चष्मा दुसऱ्या बाजूलाही लावा, नाहीतर गाइड विचारतील तेव्हा अडकाल. नॅनेट गार्ट्रेल यांचा समलिंगी आयांच्या कुटुंबांवरचा अमेरिकेतला अभ्यास १९८६ पासून चालू आहे, मुलं जन्माला यायच्या आधीपासून, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण कुटुंबं जेमतेम ऐंशीच्या घरात, स्वतःहून आलेली, बहुतेक गोरी आणि शिकलेली. शिवाय मुलं १७ वर्षांची असतानाचे जे चांगले आकडे सगळे सांगतात ते आयांनी भरलेल्या फॉर्मवरचे आहेत. २५ व्या वर्षी मात्र मुलांनी स्वतः उत्तरं दिली, आणि मानसिक आरोग्यात इतरांपेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही. मला विचाराल तर ही दुसरी फेरी जास्त वजनाची.

सगळ्यात आधी वाचा नेदरलँड्सचा २०२० चा अभ्यास. सरकारी नोंदींवरून केलेला, त्यामुळे कुणी हौसेने नाव नोंदवण्याचा प्रश्नच नाही. जन्मापासून समलिंगी जोडप्याकडे वाढलेली २,९७१ मुलं आणि तुलनेला दहा लाखांहून जास्त. शाळेत ही मुलं मागे नाहीत, उलट थोडी पुढेच. त्याचं एक कारण सरळ आहे, या पालकांचं उत्पन्न आणि शिक्षण जास्त, तो हिशोब धरला की आघाडी कमी होते, पण जात नाही. फक्त त्यात दोन वडिलांकडची मुलं १८५ च आहेत, तेव्हा वडिलांबद्दल बोलताना हात आखडता ठेवा.

आणि चिडवण्याचा मुद्दा कृपा करून एका ओळीत उरकू नका. गार्ट्रेल यांच्याच अभ्यासात १७ वर्षांच्या मुलांपैकी ४१ टक्क्यांनी आई समलिंगी असल्यावरून त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्या मुलांमध्ये वागणुकीच्या तक्रारी जास्त दिसल्या. तुम्ही स्वतः मुलाखती घेणार असाल तर मूल त्या घरात कितव्या वर्षी आलं, आधी कुठलं घर मोडलं होतं का आणि शाळेत काय ऐकावं लागलं हे तिन्ही विचारा, आणि शाळेबद्दलचं मुलाला एकट्याला विचारा, कारण पालकांना वाईट वाटू नये म्हणून मुलं त्यांच्यासमोर हे बोलत नाहीत.