सप्टेंबरचं स्वस्त तिकीट आणि युनियन बेटाचं लगून

प्रश्न : मी आणि माझी बायको, दोघंही पुण्यात नोकरी करतो. गोव्यात मोरजीला काईटसर्फिंगचे, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काईटच्या) ओढीने बोर्डवरून पाण्यावर धावण्याचे, धडे घेतले. बोर्डवर उभं राहता येतं, थोडं अंतर जाताही येतं, पण निघालो त्या जागी परत येणं जमत नाही. दर वेळी काईट खाली उतरवून किनाऱ्यावरून चालत यावं लागतं. माझी बहीण टोरोंटोला असते. सप्टेंबरात तिच्याकडे जाऊन तिथून दहा दिवस कॅरिबियनमधल्या युनियन बेटावर जायचा विचार आहे. तिथल्या लगूनचे, म्हणजे प्रवाळाच्या आडोशातल्या शांत, उथळ पाण्याचे, व्हिडिओ पाहिल्यापासून दुसरं काही सुचत नाही. सप्टेंबरात तिकीट आणि राहणं बरंच स्वस्त दिसतंय. तयारी काय करावी? सामान इथूनच न्यावं का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बेट अगदी योग्य निवडलंत. बहिणीकडेही जरूर जा. पण सप्टेंबर सोडा.

२९ जून २०२४ला बार्बाडोसमध्ये आपण टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकलो आणि त्यानंतर आपला संघ तिथेच अडकून पडला, हे तुम्हाला आठवत असेल. मरीन ड्राईव्हवरची मिरवणूक त्यामुळे थेट ४ जुलैला निघाली. संघाला अडकवणारं ते वादळ म्हणजे बेरिल. बार्बाडोसच्या दक्षिणेकडून पुढे सरकत ते १ जुलैला कारियाकू बेटावर धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता. कारियाकूच्या उत्तरेला, समुद्रातून काही मैलांवर, तुमचं युनियन बेट आहे. आपल्याकडे मिरवणुकीची तयारी चालली होती, तेव्हा सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनडीन्स या देशाच्या या टोकाच्या बेटावर लोक छपराचे पत्रे गोळा करत होते. तिथल्या पंतप्रधानांनी सांगितलं होतं की बेटावरची नव्वद टक्के घरं एक तर मोडली किंवा जमीनदोस्त झाली.

अटलांटिकमधल्या वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि ऐन भर सप्टेंबरात. बेरिल तर हंगामाच्या सुरुवातीलाच आलं. २००४मध्ये शेजारच्या ग्रेनडाची दैना करणारं आयव्हन वादळ ७ सप्टेंबरचं. भाव उतरतात ते यामुळेच. आणि वादळ नाही आलं तरी तुमचं काम होणार नाही, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथला वारा वर्षातला सर्वांत मंद असतो. दहा दिवसांतले कित्येक दिवस काईट वाळूवर ठेवून आकाशाकडे बघत बसावं लागेल.

मोरजीचा वारा आणि तिथला वारा यात मोठा फरक आहे. गोव्यात फेब्रुवारी-मार्चला जमीन तापते, दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि संध्याकाळी पडतात. युनियन बेटावर व्यापारी वारे असतात. ते अटलांटिक ओलांडून पूर्वेकडून, ईशान्येकडून येतात आणि रात्रंदिवस वाहतात. जहाजावरच्या नोकरीत मी हा वारा आठवडाच्या आठवडा एकाच दिशेने वाहताना पाहिला आहे. डिसेंबर-जानेवारीत तो जोरात असतो, पंचवीस नॉटच्या (ताशी सुमारे ४५ किलोमीटरच्या) पुढेही जातो आणि झटके देतो. तुमच्या आजच्या तयारीला ते जड जाईल. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ मी तुम्हाला सुचवेन. पंधरा ते वीस नॉटचा एकसारखा वारा आणि पाऊस कमी. त्याही पुढे गेलात तर सारगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर ढिगाने येण्याची शक्यता वाढते. २०११पासून जवळपास दर वर्षी ते येतं. बोर्डच्या फिनला (तळाच्या पात्याला) आणि काईटच्या दोरांना गुंडाळलं की शिकणाऱ्याचा दिवस वाया जातो.

आता लगूनबद्दल. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुमचे पुढचे सगळे निर्णय इथून निघतात.

व्हिडिओत दिसणारं ते सपाट, फिरोजी पाणी प्रवाळामुळे आहे. वाऱ्याच्या बाजूला, पाण्याच्या जरा खाली, प्रवाळ खडकांची रांग पसरलेली आहे. अटलांटिकची लाट तिथे फुटते. वारा मात्र त्यावरून सरळ आत येतो, कारण त्याला अडवण्याइतकी ती रांग उंच नाही. म्हणून आत पूर्ण वारा आणि जवळजवळ शून्य लाट, असं काईटसर्फरला हवं ते जुळून येतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आडोशाला पाणी निवांत असतं, पण तिथे तटबंदी वाराही अडवते. इथे तसं होत नाही.

जी रांग तुमचं रक्षण करते, तीच कापतेसुद्धा. प्रवाळावर घासलेली जखम उष्ण हवेत लवकर चिघळते. म्हणून पातळ तळाचे, पाण्यात घालायचे बूट दोघांनाही हवेत. रांगेच्या जवळ पाणी गुडघ्याएवढंच असतं, तिथे वळायचं नाही. भरती-ओहोटीचा फरक तिकडे फार थोडा, साधारण अर्धा मीटर, आपल्या कोकणासारखा दोन-तीन मीटरचा नाही. त्यामुळे लगून कोरडं पडत नाही, पण उथळ खडकावर तेवढा अर्धा मीटरही पाय वाचवायला पुरतो. पहिल्या दिवशी पाण्यात उतरण्याआधी तिथल्या प्रशिक्षकाला सोबत घेऊन किनाऱ्यावर उभे राहा आणि खडक कुठे सुरू होतो, रांगेत आत-बाहेर जायची फट कुठे आहे, प्रवाह कुठे बाहेर ओढतो हे बोटाने दाखवून घ्या. तुम्ही बोर्डवर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढू शकत नाही, म्हणजे वाऱ्याच्या ओघात खाली सरकत जाणार. खाली काय आहे, वाळू, खडक की मोकळा समुद्र, हे तुम्हाला निघण्याआधी माहीत असलं पाहिजे.

बेटाच्या दक्षिणेला फ्रिगेट नावाचं छोटं बेट आहे आणि त्याच्या आतल्या अंगाला ॲश्टनचं लगून. १९९०च्या दशकात तिथे बोटींसाठी मोठा मरीना बांधायला घेतला, फ्रिगेटपर्यंत भराव टाकला आणि प्रकल्प अर्धवट सोडून दिला. भरावाने पाण्याची ये-जा बंद झाली. खारफुटी, समुद्री गवत आणि प्रवाळ यांची जवळपास पंचवीस वर्षं हानी होत राहिली. शेवटी सस्टेनेबल ग्रेनडीन्स या संस्थेने भराव जागोजागी फोडला, पाणी वाहतं केलं आणि वर चालण्यासाठी छोटे पूल टाकले. २०१९मध्ये ते काम पुरं झालं. ते पूल बेरिलनंतर शाबूत असतील तर त्यांवरून एकदा चालत जा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ज्या पाण्यावर आपण खेळतो ते कुणीतरी जिद्दीने जिवंत ठेवलेलं आहे, हे तिथे समोर दिसतं. प्रवाळाला घातक रसायनं असलेलं सनस्क्रीन नेऊ नका. झिंकचं न्या, आणि त्याहून चांगलं म्हणजे लांब बाह्यांचा लायक्रा (अंगासरशी बसणारा पाण्यातला शर्ट) घाला.

सामान इथून नेऊ नका. हार्नेस (काईट अडकवायचा कमरेचा पट्टा) आणि बूट तेवढे आपले असू द्या, अंगाला नीट बसलेला हार्नेस भाड्याने मिळेलच असं नाही. बाकी काईट, बार (काईट सांभाळायची हातातली दांडी), बोर्ड तिथे भाड्याने घ्या. ग्रेनडीन्सची विमानं अगदी छोटी असतात आणि लांबलचक बोर्डबॅग त्यात मागे राहू शकते. अठरा ते वीस नॉटच्या वाऱ्यात सत्तर किलोच्या माणसाला साधारण नऊ चौरस मीटरचा काईट पुरतो, पंचावन्न किलोच्या व्यक्तीला सातचा. दोघांचं वजन वेगळं असेल तर एकच काईट आळीपाळीने वापरून पैसे वाचवायचा मोह होतो. तसं करू नका. भाडं ठरवताना बचाव बोट त्यात धरली आहे का, ते लेखी विचारा.

आणि जाण्याआधी रामेश्वरमला जा. पुण्याहून मदुराईमार्गे सहज होतं. तिथे एका बाजूला पाल्कची सामुद्रधुनी आणि दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात, म्हणून नैऋत्य मोसमी वाऱ्यात एका अंगाला आणि ईशान्य वाऱ्यात दुसऱ्या अंगाला उथळ, शांत पाणी मिळतं. निघालो त्या जागी परत येणं, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला चढणं, तिथे पक्कं करा. उभं राहता येऊनही परत येता न येणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस चालण्यात जातो, हे तुम्ही मोरजीला अनुभवलं आहेच. ते चालणं कॅरिबियनच्या भावाने विकत घेऊ नका. ही एक गोष्ट जमली तर युनियनवरचे दहा दिवस दहा दिवसांसारखे मिळतील.

कागदपत्रांचं थोडक्यात. सेंट व्हिन्सेंटला पर्यटक म्हणून जायला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता जवळ ठेवा. टोरोंटोहून तिथल्या आर्गाइल विमानतळावर थेट विमान जातं. पुढे छोटं विमान किंवा किंग्जटाउनहून बोट. मात्र तुमचा कॅनडाचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे आजच बघा, नाहीतर बहिणीकडे परत जाताना अडचण येईल. त्रिनिदादमार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या. तिथून निघून सहा दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात तर विलगीकरणात ठेवू शकतात. आणि लष्करी छापाचे कपडे, टोप्या, पिशव्या काही नेऊ नका. सेंट व्हिन्सेंटमध्ये आणि बार्बाडोसमध्ये सामान्य माणसाने ते वापरणं कायद्याने गुन्हा आहे.

राहण्याची जागा निवडताना बेटावरच्याच माणसाचं घर बघा आणि अलीकडचे फोटो मागा. या बेटावर नद्या नाहीत. पावसाचं पाणी टाक्यांत साठवून वर्षभर वापरतात, आणि तुमचा काईटचा हंगाम म्हणजे त्यांचा कोरडा हंगाम. हार्नेस, लायक्रा रोज गोड्या पाण्याने भडाभडा धुवायची आपली सवय तिथे आवरा. एका बादलीत दोघांचं सामान बुचकळून काढलं तरी पुरतं.

प्रश्न : माझी मुलगी टोरोंटोत शिकते. ती मैत्रिणींबरोबर कॅरिबियनमध्ये काईटसर्फिंगला जाणार म्हणते. पतंगाने माणूस उचलून नेल्याचे व्हिडिओ पाहून माझी झोप उडाली आहे. तिला नको म्हणू का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, नको म्हणू नका. चार प्रश्न विचारा.

बारवरचं क्विक रिलीज ती डोळे मिटून, एका हाताने सोडू शकते का? हे सोडलं की काईटची ओढ संपते आणि तो पाण्यावर पडतो. तुम्ही पाहिलेल्या बहुतेक व्हिडिओंत ते वेळेवर सोडलेलं नसतं, किंवा माणूस झाडं-भिंती असलेल्या जागी, वादळी ढग दिसत असताना काईट उडवत असतो. दुसरा प्रश्न, वारा किनाऱ्याकडे येतो की किनाऱ्यावरून समुद्रात जातो? समुद्रात नेणारा वारा असेल आणि बचाव बोट नसेल तर तिने पाण्यात उतरू नये. बॉनेअर बेटावर असाच वारा असतो, तिथे बोट लागतेच. तिसरा, बरोबर प्रमाणित प्रशिक्षक आहे का? अगदी नव्याने शिकणाऱ्याला नऊ ते बारा तासांचे धडे तरी हवेत, आणि पहिला धडा वाळूवरचा असतो. चौथा, प्रवासविम्यात काईटसर्फिंगचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे का? बऱ्याच विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, आणि छोट्या बेटांवरून मोठ्या रुग्णालयात न्यायचं तर विमान किंवा बोटच लागते.

चारही उत्तरं तिने न अडखळता दिली तर ती विचार करून निघाली आहे असं समजा. एखाद्या उत्तराला अडखळली तर रागावू नका, तेवढं पक्कं करून घे म्हणा.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. त्या बेटांवर आठवडाभर काय खायचं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : उपाशी राहणार नाही. सेंट व्हिन्सेंटचं मुख्य अन्न ब्रेडफ्रूट, म्हणजे आमच्या कोकणातला नीरफणस. १७९३मध्ये कॅप्टन ब्लाय याने तो प्रशांत महासागरातून जहाजाने तिथे आणला. ते लोक अख्खा फणस निखाऱ्यावर भाजतात, सोबत तळलेला मासा असतो. तुम्ही नुसता भाजलेला मागा आणि वर मीठ-मिरची घ्या. वरण-भाताची अपेक्षा नको, पण भात आणि कडधान्य एकत्र शिजवलेलं बहुतेक ठिकाणी मिळतं. १८६१पासून भारतातून मजूर तिथे गेले. तिकडे रोटीही मिळते, आत बटाटा-चणे भरलेली मागा. कॅलालू नावाचं पालेभाजीचं सूप छान असतं, पण त्यात खेकडा किंवा मांस घालायची पद्धत आहे, म्हणून पातेल्यात काय आहे ते आधी विचारायचं. युनियन बेटावर भाजीपाला बहुतेक बाहेरून बोटीने येतो आणि महाग पडतो. डाळ, पोहे, भाजणी घरून न्या, आणि स्वयंपाकघर असलेलीच खोली घ्या.